मल्लेश्वरममधले चोवीस तास

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजाराला घड्याळ लावलंय ते एका नियमाने. रुग्णाला नवं लक्षण दिसलं किंवा जुनं पुन्हा उठलं, ते निदान चोवीस तास टिकलं आणि सोबत ताप किंवा संसर्ग नसला, तर त्याला रिलॅप्स म्हणायचं. म्हणजे आजार उलटला की नाही, हे पहिल्या तासाला कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. दरम्यान घरात जे काही बोललं जातं ते बहुतेक वेळा धीर देणारं असतं आणि बहुतेक वेळा चुकीचं.

पुढच्या घटनाक्रमातली ताई आणि तिच्या घरची माणसं मी रचलेली आहेत. ताईचं वय अडतीस, घर पंधराव्या क्रॉसजवळ, माहेर पुण्याचं, सासर मूळचं बेळगावचं. ऊन, पाणीटंचाई, औषध, प्रथिनं आणि प्रयोगशाळांतली माणसं मात्र खरी आहेत.

रविवार, २८ एप्रिल २०२४, सकाळी ११. उरले २४ तास

शुक्रवारी लोकसभेचं मतदान झालंय, बोटावरची शाई अजून ताजी आहे. एप्रिल सरत आला तरी बेंगळुरूत पावसाचा थेंब नाही. असा कोरडा ठणठणीत एप्रिल या शहराने १९८३ नंतर पाहिलेला नाही. मार्चपासून पाण्याची बोंब आहे. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड. १८९८ च्या प्लेगनंतर माणसांना मोकळी हवा मिळावी म्हणून वसवलेलं हे उपनगर, आणि इथेच आज सकाळी अकराला रस्त्यावर उभं राहवत नाही.

ताई आठव्या क्रॉसच्या बाजारात फुलवाल्यांसमोर उभी आहे. उजव्या डोळ्यापुढे धूसर पडदा उतरतो. ती घाबरत नाही, हे तिच्या ओळखीचं आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच डोळ्याच्या नसेला सूज आली होती आणि तिथूनच एमएसचं निदान झालं. तेव्हापासून ऊन तापलं की उजवा डोळा धुरकटतो आणि गारव्यात बसलं की निवळतो. ती रिक्षा करते आणि घराजवळ येऊन काडु मल्लेश्वराच्या देवळात जरा टेकते. हे देऊळ म्हणजे सासूबाईंचा अभिमानाचा विषय, कारण इथल्या १६६९ च्या शिलालेखात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. दगडी फरशी गार आहे. दहा मिनिटांत उजवा डोळा स्वच्छ होतो.

डावा डोळा मात्र वळवला की आत खोलवर ठणकतो. त्या डोळ्याला आजवर काही झालेलं नाही. कोणता डोळा, हे ताई घरी सांगत नाही.

दुपारी १२:३०. उरले साडेबावीस तास

"उन्हात कशाला गेलीस गं? फोन केला असता तर यांनी आणलं असतं," सासूबाई म्हणतात आणि ताकाचा पेला पुढे करतात.

"आई, जरा डोळा दुखतोय, बाकी काही नाही."

"ऊनच ते. ओला टॉवेल ठेव मानेवर आणि पड जरा."

सासूबाईंचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचं वैद्यकशास्त्र आहे. विल्हेल्म उटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंद केली की, एमएसच्या काही रुग्णांची दृष्टी श्रमाने तात्पुरती मंदावते. खरा दोषी श्रम नसून त्याने वाढणारी शरीराची उष्णता आहे, हे पुढे कळलं. ज्या मज्जातंतूवरचं मायलिन, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं वेटोळं, एकदा झिजलंय तिथून विद्युत संदेश कसाबसा पुढे जात असतो. उष्णता वाढली की तंतूवरची सोडियमची दारं लवकर मिटतात, प्रवाह कमी पडतो आणि संदेश उघड्या जागेवरच विझतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी हे घडू शकतं. एमआरआय येण्याआधी तर डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उठतात का ते बघत. आज ही तपासणी ऐकूनच अंगावर काटा येतो, पण कित्येक दशकं ती पाठ्यपुस्तकातली होती.

उन्हाने येणारा हा त्रास शरीर गार झालं की जातो. त्यात मायलिनचं नवं नुकसान होत नाही. ताईच्या उजव्या डोळ्याचं रोजचं नाटक हेच. त्यामुळे घरादाराला सवय झाली आहे की, ताईच्या डोळ्याला काही झालं की ते उन्हाचंच.

अर्ध्या तासाने टॉवेल वाळतो. डाव्या डोळ्याचा ठणका तसाच आहे.

दुपारी ३. उरले २० तास

वेधशाळेचा पारा आज ३८.५ अंशांवर जातो. एप्रिलमध्ये याहून जास्त, ३९.२ अंश, बेंगळुरूने २०१६ साली पाहिले होते. गच्चीवरची टाकी अर्धी आहे, इमारतीची बोअर आटली आहे आणि टँकर संध्याकाळी येणार. गार पाण्याची आंघोळ हा एमएसच्या रुग्णाचा उन्हाळ्यातला हक्काचा उपाय, तोही आज हुकला.

आता ताईच्या डाव्या डोळ्यामागच्या नसेकडे जाऊ. तिथली गडबड कितीतरी दिवस जुनी आहे आणि तिचा आजच्या उन्हाशी संबंध नाही. या आजाराबद्दल लिहिताना "शरीर स्वतःवरच हल्ला करतं" हे वाक्य हाताशी तयारच असतं. वाक्य खोटं नाही, पण फार घाईचं आहे. हल्ल्याच्या आधी पेशी स्वतःला वाचवायची धडपड करत असतात आणि त्या धडपडीचा पुरावा मागे राहतो.

हा पुरावा म्हणजे ताणाच्या वेळी पेशींत तयार होणारी संरक्षक प्रथिनं. त्यांचा शोध इटलीत योगायोगाने लागला. फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं बघत होते. कोणीतरी पेटीचं तापमान वाढवून ठेवलं आणि गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. उष्णतेने ठरावीक जनुकं एकदम जागी झाली होती. एका नामांकित नियतकालिकाने तो लेख नाकारला आणि १९६२ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं आल्फ्रेड टिसिएर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवली. 'हीट शॉक प्रोटीन' हे नाव पडलं, पण ही प्रथिनं उष्णतेलाच बांधलेली नाहीत. सूज, विषारी ऑक्सिजन रेणू, विषाणू, उपासमार, कशानेही पेशीतली प्रथिनं आपला घाट सोडू लागली की ही धावून येतात. ताईच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, पॅट्रिक डिसिल्वा यांच्या प्रयोगशाळेने याच कुळातल्या मायटोकॉन्ड्रियातल्या हीट शॉक प्रोटीन ७० वर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

मायलिन बनवणाऱ्या पेशीचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. अशी एकेक पेशी चाळीस-पन्नास ठिकाणी वेटोळी घालते. इतका माल तयार करून टिकवायचा म्हणजे तिच्यावर कामाचा बोजा प्रचंड, आणि ताण आला की सगळ्यात आधी कोलमडणाऱ्यांत तीच. एमएसमध्ये तिच्या मदतीला येतं अल्फा-बी क्रिस्टलिन, हीट शॉक कुळातलं एक छोटं प्रथिन. डोळ्याच्या भिंगात ते मुबलक असतं. भिंग म्हातारपणापर्यंत पारदर्शक राहतं त्याचं बरंचसं श्रेय त्याला आहे. त्याचं काम गणपतीच्या गर्दीत हरवलेल्या पोराचा हात धरून उभ्या राहणाऱ्या पोलिसासारखं: आईबाप शोधणं त्याच्याकडे नाही, पोर चेंगरू द्यायचं नाही एवढंच. बिघडलेल्या प्रथिनाला धरून ठेवायचं आणि दुरुस्तीसाठी हीट शॉक प्रोटीन ७० च्या हवाली करायचं. या धरून ठेवण्याला ऊर्जाही लागत नाही, म्हणून खंगलेल्या पेशीलाही ते परवडतं.

स्टॅनफर्डच्या शलिना ऊस्मान, लॉरेन्स स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की, एमएसच्या सुरुवातीच्या सक्रिय डागांमध्ये, म्हणजे मायलिन झिजू लागलेल्या जागांत, याच प्रथिनाचा जनुकीय संदेश सर्वांत जास्त सापडतो, तर निरोगी मेंदूत तो सापडत नाही. त्यांनी हे प्रथिन नसलेले उंदीर घेतले आणि त्यांच्यात एमएससारखा आजार निर्माण केला. त्या उंदरांचा आजार जास्त चिघळला. मग आजारी उंदरांना हे प्रथिन बाहेरून टोचलं, तेव्हा लक्षणं कमी झाली. म्हणजे आग लागलेल्या घरात जो सापडला तो आग विझवायला आलेला होता.

हे इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. याच प्रथिनाचं नाव त्याच्याही बारा वर्षं आधी आरोपींच्या यादीत आलेलं होतं. ते पुढे येईलच.

रात्री ८. उरले १५ तास

टँकर येऊन गेला, ताईची आंघोळ झाली. अंग गार आहे, पंखा चालू आहे. देवापुढे दिवा लावताना ती कुंकवाचा करंडा उघडते आणि थबकते. उजवा डोळा झाकते. कुंकू विटकरी दिसतं. डावा झाकते. कुंकू लालभडक. पुन्हा उजवा झाकते. पुन्हा विटकरी, वर राख भुरभुरल्यासारखं.

न्यूरॉलॉजिस्ट दवाखान्यात लाल टोपणाची बाटली दाखवून हेच तपासतात. डोळ्याच्या नसेला सूज आली की लाल रंग आधी उतरतो, अक्षरं नंतर पुसट होतात. ताईला हे तीन वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. आता मात्र ती नवऱ्याला सांगते.

"अहो, डाव्या डोळ्याला लाल नीट दिसत नाही."

"उजव्या म्हणतेस ना?"

"नाही. डाव्या."

तो क्षणभर गप्प होतो. मग म्हणतो, "आज अडतीस डिग्री होतं. सकाळपर्यंत बघू. थेंब आणू का कुठले मेडिकलमधून?"

थेंबांचा उपयोग नाही. सूज भिंगात किंवा बुबुळात नाही, डोळ्यामागच्या नसेत आहे, आणि तिथवर थेंब पोचत नाहीत. ताई नको म्हणते, हे बरं झालं. पण "सकाळपर्यंत बघू" हे तिलाही पटतं, आणि तिच्या जागी कोणालाही पटलं असतं. रविवारची रात्र, उन्हाचा दिवस, आणि हातात पुरावा काय, तर कुंकवाचा रंग.

रात्री १. उरले १० तास

झोप नाही. कपाटात खालच्या खणात डायमिथाइल फ्यूमरेटच्या कॅप्सूलची दोन पाकिटं पडली आहेत. महाशिवरात्रीच्या सुमारास तिने त्या बंद केल्या. घेतल्या की तासाभरात चेहरा, मान आणि छाती लाल होऊन भाजल्यासारखी व्हायची, पोटात कळ यायची. हिवाळ्यात तिने सहन केलं. मार्चमध्ये बाहेरही आग आणि आतही आग, तेव्हा तिने ठरवलं की उन्हाळाभर सुट्टी. डॉक्टरांना विचारलं नाही. पुढची भेट जूनमध्ये होती.

अमेरिकेत या औषधाला २०१३ मध्ये एमएससाठी मंजुरी मिळाली आणि आता भारतीय कंपन्यांच्या कॅप्सूलही मिळतात. ते रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी कमी करतं, आणि पेशींतला एनआरएफ-२ नावाचा संरक्षक खटकाही चालू करतं. त्यातून हीम ऑक्सिजिनेज-१ सारखी प्रथिनं बनतात. या हीम ऑक्सिजिनेजचं दुसरं नाव हीट शॉक प्रोटीन ३२. एनआरएफ-२ नसलेल्या उंदरांतही हे औषध काम करतं असं पुढे दिसलं, तेव्हा सगळं श्रेय संरक्षक प्रथिनांना देता येत नाही. तरी संरक्षक प्रथिनांची फळी वाढवणारं असं काही ताईच्या घरात असेल, तर ते त्या खालच्या खणात होतं.

डाव्या नसेत काय चाललंय? डागाच्या आधीची अवस्था शवविच्छेदनांत दिसलेली आहे. बाकी ठणठणीत दिसणाऱ्या पांढऱ्या भागात एखाद्या ठिकाणी मायक्रोग्लिया या राखणदार पेशी घोळका करतात. मधोमध ताणाखालची ऑलिगोडेंड्रोसाइट असते, अल्फा-बी क्रिस्टलिनने गच्च भरलेली. मायलिन अजून शाबूत असतं. हे प्रथिन थोडं पेशीबाहेर झिरपतं आणि राखणदारांना कळतं की इथे शेजारीण अडचणीत आहे. त्यावर राखणदार सूज शमवणारे, दुरुस्तीला मदत करणारे पदार्थ सोडतात. असे बरेचसे घोळके आपोआप विरूनही जात असावेत. रुग्णाला पत्ता लागत नाही, स्कॅनवर दिसत नाही.

फासा उलटा कधी पडतो, याचं एक उत्तर नेदरलँड्सच्या योहानेस फान नूर्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये दिलं. तेच राखणदार, तेच प्रथिन, पण सोबत इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन आलं की राखणदारांचं वागणं पालटतं आणि ते मायलिनच्या मुळावर उठतात. इंटरफेरॉन-गॅमा घेऊन येतात रक्तातून मेंदूत घुसलेल्या टी पेशी, म्हणजे लढाऊ पांढऱ्या पेशींचा एक प्रकार.

पण या टी पेशींना इथे यायचं कारण काय? इथे तो जुना आरोप उभा राहतो. १९९५ मध्ये याच फान नूर्ट यांनी एमएसच्या रुग्णांच्या मेंदूतलं मायलिन घेतलं, त्यातली प्रथिनं वेगळी केली आणि टी पेशी कशावर सर्वांत जास्त चवताळतात ते पाहिलं. उत्तर आलं, अल्फा-बी क्रिस्टलिन. निरोगी माणसांच्या टी पेशीही त्यावर चवताळत होत्या, हे त्याहून गोंधळात टाकणारं.

गोंधळाचा एक धागा विषाणूकडे जातो. एप्स्टाइन-बार विषाणू दहातल्या नऊ प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्काम करून असतो. हार्वर्डच्या गटाने अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या आणि २०२२ मध्ये सांगितलं की, या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या ऑलिव्हिया थॉमस आणि टोमास ओल्सन यांच्या गटाने सातशेहून जास्त रुग्णांचं आणि तितक्याच निरोगी माणसांचं रक्त तपासलं. विषाणूच्या एका प्रथिनाविरुद्ध बनलेली काही प्रतिपिंडं अल्फा-बी क्रिस्टलिनलाही चिकटत होती, कारण दोघांचा एक तुकडा सारखा आहे. अशी प्रतिपिंडं सुमारे २३ टक्के रुग्णांत आणि ७ टक्के निरोगी माणसांत सापडली. तेवीस टक्के म्हणजे सगळे नव्हेत, ही एकच वाट नव्हे. पण ज्यांच्यात ही वाट आहे त्यांच्यात काय होत असावं ते बघा: पेशी संकटात सापडते, बचावासाठी हे प्रथिन बनवते, आणि जितकं जास्त बनवते तितकी ती विषाणूच्या शोधात फिरणाऱ्यांच्या नजरेत भरते.

माझ्या मते दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ बरोबर आहेत. प्रथिन राखणदारच आहे. ते वाचवतं की पकडून देतं, हे भोवती कोण आहे त्यावर ठरतं.

पहाटे ४. उरले ७ तास

घड्याळ सुरू होऊन सतरा तास झाले. या आकड्याला या आजाराच्या इतिहासात एक जागा आहे. सिडनीच्या मायकेल बार्नेट आणि जॉन प्रिनियस यांनी २००४ मध्ये बारा रुग्णांच्या मेंदूचा अभ्यास छापला. त्यातली एक चौदा वर्षांची मुलगी रिलॅप्स सुरू झाल्यावर सतरा तासांत गेली होती. इतका ताजा डाग पाहायला मिळणं दुर्मीळ. त्या डागात ऑलिगोडेंड्रोसाइट मोठ्या प्रमाणात मरत होत्या, राखणदार पेशी जाग्या झालेल्या होत्या, पण बाहेरून आलेल्या लढाऊ पेशी जवळजवळ नव्हत्याच. मायलिन बनवणारी पेशी आधी मरते आणि फौज नंतर येते, असा अर्थ त्यातून काहींनी काढला. इतरांनी तो खोडला: प्रत्येक रुग्णात असं नसतं, फौज येऊन गेलेली असू शकते. वाद मिटलेला नाही. एवढं मात्र त्या मुलीमुळे कळलं की, पहिल्या दिवसाच्या आतच पेशी मरू लागलेल्या असू शकतात. संरक्षक प्रथिनं वेळ मिळवून देतात. तो वेळ संपतो.

ताईला चारच्या सुमारास डोळा लागतो.

सकाळी ८. उरले ३ तास

डाव्या डोळ्याने वर्तमानपत्राचा मथळा दिसतो, खालची बातमी वाचता येत नाही. मध्यभागी राखाडी डाग आहे. रात्रभरात हवा उतरली, अंगाला घाम नाही, तरी डाग आहे.

पुण्याहून भावाचा फोन येतो. "अगं, तिकडे उष्णता किती आहे बघितलं बातम्यांत. त्यानेच असेल. आणि एमएस म्हणजे पारशी लोकांचा आजार ना? मला तेव्हाच शंका होती निदानाची."

भावाने हे कुठेतरी वाचलंय आणि त्याला आधार आहे. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजात हा आजार भारतातल्या इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो असं दाखवलं होतं. पण इतरांत होतच नाही, असं त्यांनी म्हटलेलं नाही. मंगळूरच्या डॉ. लेखा पंडित यांच्या पाहणीत तिथलं प्रमाण दर लाखामागे दहाहून कमी निघालं. कमी आहे, पण भारताच्या लोकसंख्येला लावलं तर आकडा हजारांत मावत नाही.

तिच्या डॉक्टरांनी निदानाच्या वेळी दिलेला एक कागद ताई शोधून काढते. त्यावर चार ओळी आहेत: ताप बघा. लघवीला जळजळ आहे का बघा. अंग गार करून बघा. तरी उतरलं नाही तर फोन करा. ती थर्मामीटर लावते. ९८.४. लघवीचा त्रास नाही, सर्दी-खोकला नाही. अंग गार आहे. चारही ओळींवर टिकमार्क होतो. उन्हाचा आणि संसर्गाचा, दोन्ही बहाणे संपले.

सकाळी ११. शून्य

कालच्या अकरापासून आजच्या अकरापर्यंत. नवं लक्षण, नवा डोळा, ताप नाही, संसर्ग नाही. व्याख्येप्रमाणे हा रिलॅप्स आहे. ताई डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसली आहे, हातात जुनी फाइल आणि पर्समध्ये कॅप्सूलचं पाकीट.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी एमआरआय होतो. डाव्या नसेत स्कॅनसाठी टोचलेलं औषध शोषून चमकणारा भाग दिसतो. शिवाय मेंदूत दोन नवे डाग सापडतात, ज्यांचं एकही लक्षण ताईला जाणवलं नव्हतं. हे नेहमीचंच. एमआरआयवर दिसणारे नवे डाग रुग्णाला जाणवणाऱ्या रिलॅप्सपेक्षा पाच ते दहा पटींनी जास्त असतात. चोवीस तासांचं घड्याळ डोळ्याने पकडलं, बाकीच्या दोन ठिकाणी घड्याळच नव्हतं.

मिथाइल प्रेडनिसोलोन, रोज एक ग्रॅम, सलाइनमधून, पाच दिवस. नवरा विचारतो, "रविवारीच आलो असतो तर?" डॉक्टर त्याला खरं ते सांगतात. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवलं की, शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने दृष्टी लवकर परत येते, पण वर्षअखेर घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फारसा फरक राहत नाही. त्याच चाचणीत नेहमीच्या डोसमधल्या नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं, म्हणून दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून घेऊ नयेत. तेव्हा रविवारचे काही तास गेले म्हणून डोळा गेला असं नाही. गेलेत ते महाशिवरात्रीपासूनचे आठवडे. पुढचे रिलॅप्स टाळण्याचं काम स्टिरॉइड करत नाही, ते त्या खालच्या खणातल्या औषधासारखी औषधं करतात. चेहरा भाजल्यासारखा होतो हेच कारण असेल तर जेवणासोबत घेणं, डोस हळूहळू वाढवणं, नाहीतर औषधच बदलणं, असे मार्ग होते. त्यासाठी जूनपर्यंत थांबायची गरज नव्हती.

अल्फा-बी क्रिस्टलिन टोचून एमएस बरा करता येईल का? रुग्णांवर छोटी चाचणी झाली, २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले, एमआरआयवरच्या खुणा आशादायक होत्या. बाजारात असं औषध आजही नाही. ग्वानाबेंझ या रक्तदाबाच्या जुन्या औषधाने ऑलिगोडेंड्रोसाइटची ताण सोसण्याची मुदत वाढते, असं ब्रायन पॉप्को यांच्या शिकागोतल्या गटाने उंदरांत दाखवलं. त्याच धर्तीची, रक्तदाब न उतरवणारी संयुगं नंतर बनली. मला या कामाबद्दल जास्त आशा वाटते, कारण यात बाहेरून प्रथिन घालायचं नसून पेशीचा स्वतःचा बचाव थोडा लांबवायचा आहे. पण उंदीर आणि ताई यांच्यामध्ये अजून बरीच वर्षं आहेत.

मे महिन्यात पाऊस आला. ताईच्या डाव्या डोळ्याला आता बातमी वाचता येते, कुंकू मात्र अजून थोडं फिकं दिसतं.

तुमच्या घरात एमएसचं माणूस असेल तर त्या कागदावरच्या चार ओळी स्वयंपाकघरात चिकटवा. उन्हाने आलेला त्रास अंग गार झाल्यावर उतरायला हवा. उतरला नाही, किंवा आजवर न झालेल्या जागी झाला, तर चोवीस तास पुरे व्हायच्या आतही फोन करायला हरकत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा मुंबई, पुणे आणि बेंगळुरूत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार मोडतो, त्याचा दाखला काढून ठेवा. आणि औषध बंद करायचं मनात आलं, तर ते लिहून देणाऱ्याला आधी विचारा.